लॉगिन होतंय, पण फाइल जात नाही: ‘मेसेज टू लाँग’ एररचा माग

एसएसएचने, म्हणजे दूरच्या कॉम्प्युटरवर सुरक्षितपणे काम करायच्या सोयीने, सर्व्हरवर लॉगिन व्यवस्थित होतं. की बरोबर, पासवर्ड बरोबर, प्रॉम्प्टही समोर येतो. पण एससीपी किंवा एसएफटीपी या एसएसएचवरूनच चालणाऱ्या मार्गांनी फाइल पाठवायला गेलं की एका ओळीत विषय संपतो: ‘रिसीव्ह्ड मेसेज टू लाँग’ आणि त्यापुढे नऊ-दहा आकडी संख्या. नव्या आवृत्त्यांत त्याखाली आणखी एक ओळ येते, पलीकडच्या शेलने (कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामने) नॉन-इंटरॅक्टिव्ह सेशनमध्ये, म्हणजे समोर माणूस नसताना, काही छापू नये अशा अर्थाची. ती बहुतेक जण वाचत नाहीत, कारण वरचं वाक्य वाचून मनाने आधीच निकाल दिलेला असतो की फाइल फार मोठी झाली.

फाइल मोठी झालेली नसते. दोन ओळींची टेक्स्ट फाइल पाठवून बघा. तीही अडेल, आणि संख्याही तीच येईल. तरीही लोक फाइल झिप करतात, तिचे तुकडे पाडतात, राउटर बंद-चालू करतात, फायरवॉलमध्ये पोर्ट उघडतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. लॉगिन होतंय याचाच अर्थ पोर्ट २२ उघडं आहे, ओळख पटली आहे आणि एन्क्रिप्शनही ठीक चाललं आहे. गडबड त्यानंतरच्या पहिल्या चार बाइटांत आहे.

(या लेखात कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच नेहमीच्या रोमन अक्षरांत द्यायच्या.)

त्या संख्येत उत्तर लिहिलेलं असतं

मी एका छपाईखान्याचे कॉम्प्युटर सांभाळतो. तिथे तयार पानांच्या पीडीएफ रोज संध्याकाळी सर्व्हरवर जातात. एके दिवशी डीटीपी करणाऱ्या सहकाऱ्याचा फोन आला: “सर, कालपासून एकही पान गेलं नाही. लॉगिन मात्र होतंय.” मी त्याला फक्त एररमधली संख्या वाचून दाखवायला सांगितली. त्याने वाचली: ३७६८८८७५२०. उत्तर त्या फोनवरच मिळालं. सर्व्हरने कामाच्या आधी ‘नमस्कार’ म्हटलं होतं.

हे कसं कळलं ते नीट सांगतो, कारण ही युक्ती प्रत्येक वेळी कामी येते. एसएफटीपीमध्ये दोन कॉम्प्युटर एकमेकांना पाकिटं पाठवतात आणि प्रत्येक पाकिटाच्या सुरुवातीचे चार बाइट म्हणजे त्या पाकिटाची लांबी. कनेक्शन जुळलं की तुमचा कॉम्प्युटर सर्व्हरच्या पहिल्या पाकिटाची वाट पाहतो आणि आलेले पहिले चार बाइट लांबी म्हणून वाचतो. ओपनएसएसएच या एसएसएचच्या नेहमीच्या प्रोग्राममध्ये या लांबीची कमाल मर्यादा २६२१४४ बाइट आहे. त्याहून मोठा आकडा आला की क्लायंट, म्हणजे तुमच्याकडचा प्रोग्राम, हात वर करतो आणि तो आकडा जसाच्या तसा छापतो.

आता समजा सर्व्हरवरच्या कुठल्या तरी सेटिंग फाइलमध्ये ‘इको नमस्कार’ (म्हणजे ‘नमस्कार’ छाप) अशी ओळ आहे. मग पाकिटाच्या आधी ही अक्षरं तारेवर पडतात. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत ‘न’ हे अक्षर तीन बाइटांचं; हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या अंकलेखनात) ते होतात ई०, ए४, ए८. चौथा बाइट ‘म’चा पहिला: ई०. हे चार बाइट एकत्र करून संख्या म्हणून वाचले तर होतात बरोबर ३७६८८८७५२०. क्लायंटला वाटलं समोरून पावणेचार अब्ज बाइटांचं पाकीट येतंय. प्रत्यक्षात एक नमस्कार येत होता.

यातून मराठीत काम करणाऱ्यांना एक खूण मिळते. ‘ॲ’सारखे मोजके अपवाद सोडले तर देवनागरीतले सगळे स्वर आणि व्यंजनं यूटीएफ-८ मध्ये ई० आणि ए४ याच दोन बाइटांनी सुरू होतात. त्यामुळे छापलेला मजकूर देवनागरी अक्षराने सुरू होत असेल तर एररमधली संख्या सहसा ३७६८८ ने सुरू होणारी, दहा आकडी असते. असा आकडा दिसला की नेटवर्ककडे बघायचंही कारण नाही.

इंग्रजी स्वागताचा आकडा वेगळा. ‘वेलकम’च्या रोमन स्पेलिंगमधली पहिली चार अक्षरं १४६६२६४६७५ देतात. ‘लास्ट’ या शब्दाने सुरुवात असेल तर १२८१४५४९६४. आणि संख्या नऊ आकडी असून ४५८९६ ने सुरू होत असेल तर मजकुराच्या आधी रंगाचा एस्केप कोड आहे. कोणीतरी रंगीत बॅनर लावला आहे असं समजा.

तुमची संख्या यांपैकी नसेल तर ती उलगडायला एक ओळ पुरते:

प्रिंटएफ '%०८एक्स' १४६६२६४६७५ | एक्सएक्सडी -आर -पी

पहिला भाग संख्येचं हेक्स करतो, दुसरा त्या हेक्सची पुन्हा अक्षरं करतो. मराठी मजकूर असेल तर पडद्यावर एक पूर्ण अक्षर आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह किंवा तुटका चौकोन दिसेल, कारण चौथा बाइट अर्ध्या अक्षराचा असतो. तेवढ्यावरून ओळ ओळखू येते.

खात्री करून घ्या

आकड्यावरून अंदाज आला तरी पुरावा हातात असावा. आपल्या कॉम्प्युटरवरून ही कमांड द्या:

एसएसएच वापरकर्ता@सर्व्हर /बिन/ट्रू > तपास.डॅट

‘ट्रू’ हा प्रोग्राम काहीही छापत नाही. म्हणजे तपास.डॅट ही फाइल शून्य बाइटांची असायला हवी. ‘डब्ल्यूसी -सी तपास.डॅट’ने मोजा. आमच्याकडे उत्तर २२ आलं: ‘नमस्कार’चे २१ बाइट आणि ओळ संपल्याचा एक. शून्याव्यतिरिक्त काहीही आलं तर फाइल ‘कॅट’ने उघडून बघा. तुमचा अपराधी शब्दशः तिथे लिहिलेला असेल.

हीच तपासणी आरसिंक या फाइली कॉपी करणाऱ्या प्रोग्रामच्या मॅन्युअलमध्येही सुचवलेली आहे, कारण आरसिंकलाही हाच त्रास होतो. त्याची भाषा फक्त निराळी: ‘प्रोटोकॉल व्हर्जन मिसमॅच, इज युअर शेल क्लीन?’ तुमचं शेल स्वच्छ आहे का, असा सरळ प्रश्न. मला हा एरर एसएफटीपीच्या एररपेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटतो. पण तो वाचूनही लोक दोन्हीकडच्या आरसिंकच्या आवृत्त्या जुळवत बसतात.

जुन्या पद्धतीच्या एससीपीत आणखी वेगळं दिसतं. स्वागताची पहिली ओळ पडद्यावर येते आणि कमांड गुपचूप संपते. एरर असा शब्दही दिसत नाही. स्वागत दिसलं म्हणजे काम झालं असं समजून माणूस निघून जातो. रात्री आपोआप चालणाऱ्या बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये हे फार महागात पडतं.

ओळ येते कुठून

इथे एक गोष्ट बऱ्याच अनुभवी लोकांनाही ठाऊक नसते. बॅश हे शेल नॉन-इंटरॅक्टिव्ह चालतं तेव्हा एरवी .बॅशआरसी ही वापरकर्त्याची सेटिंग फाइल वाचत नाही. पण आपल्याला एसएसएचच्या सर्व्हरने चालू केलंय असं त्याला कळलं तर मात्र वाचतं. फाइल पाठवताना सर्व्हर नेमकं हेच करतो: तुमच्या नावाने शेल उघडतो आणि त्याच्यामार्फत एसएफटीपीचा प्रोग्राम चालू करतो. म्हणजे .बॅशआरसीत जे जे छापलं जातं ते सगळं फाइलच्या रस्त्यावर येऊन पडतं.

डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांवर होम फोल्डरमधल्या .बॅशआरसीच्या अगदी सुरुवातीला एक पहारा असतो. शेल इंटरॅक्टिव्ह नसेल तर तिथूनच परत फिरायचं. म्हणून तिथे फाइलच्या शेवटी टाकलेला इको कोणाला त्रास देत नाही. पण कोणी हौसेने तीच ओळ अगदी वर टाकली की पहारा ओलांडला जातो. रेड हॅट आणि फेडोराच्या घराण्यात घरच्या .बॅशआरसीत असा पहारा मुळातच नसतो. त्यामुळे उबुंटूच्या .बॅशआरसीत वर्षानुवर्षं चाललेल्या आपल्या ओळी तेवढ्या उचलून फेडोराच्या .बॅशआरसीत टाकल्या की ज्या ओळी तिथे गप्प होत्या त्या इथे बोलायला लागतात. सर्व्हर बदलल्यावर ‘कालपर्यंत चालत होतं’ अशी तक्रार येते, ती बऱ्याचदा यामुळेच.

बॅशऐवजी झेडएसएच हे शेल वापरत असाल तर .झेडएसएचआरसी निर्दोष आहे, .झेडएसएचईएनव्ही बघा. ती प्रत्येक वेळी वाचली जाते. फिश या शेलमध्ये कॉन्फिग.फिशही तशीच प्रत्येक वेळी वाचली जाते.

सगळ्यात चकवणारा प्रकार मात्र अधूनमधून येणाऱ्या एररचा. आठवडाभर फाइली जातात, मग एक दिवस अडतात, पुन्हा जायला लागतात. अशा वेळी संशय नेटवर्कवर जाणं साहजिक आहे. पण .बॅशआरसीत एखादी अट घातलेली ओळ असू शकते: जागा नव्वद टक्क्यांवर गेली तरच ‘डिस्क भरत आली’ असं छापायचं. एरवी ती गप्प असते. डिस्क भरली की सूचना येते, सूचना आली की फाइली अडतात, कोणीतरी जुन्या फाइली पुसतो आणि सगळं आपोआप सुरळीत होतं. मूळ कारण कोणालाच सापडत नाही आणि पुढच्या महिन्यात तेच. संख्या ३७६८८८५७२८ असेल तर ती ‘ड’ने सुरू होणारी ओळ आहे. म्हणून असा एरर आला की दुरुस्तीच्या आधी संख्या लिहून ठेवा. एरर निघून गेल्यावर पुरावाही जातो.

ओळ सापडत नसेल, म्हणजे फाइल लांबलचक असेल आणि तिने आणखी चार फाइली आत ओढल्या असतील, तर ‘ग्रेप’ने इको शोधत बसू नका. छापणारे प्रोग्राम अनेक असतात. त्यापेक्षा .बॅशआरसीच्या मध्यावर ‘रिटर्न’ एवढा शब्द टाका आणि बाहेरून वरची तपासणी पुन्हा चालवा. शून्य आलं तर दोष खालच्या अर्ध्यात, नाहीतर वरच्या. असं अर्धं-अर्धं करत गेलं की शंभर ओळींची फाइल सात फेऱ्यांत आटोपते. हे करताना सर्व्हरवर एक लॉगिन उघडंच ठेवा.

दुरुस्ती

ओळ पुसून टाकली की काम होतं, पण दुसऱ्याने हौसेने लावलेलं स्वागत पुसायची गरज नसते. .बॅशआरसीत सगळ्यात वर हा पहारा बसवा:

[[ $- == *आय* ]] || रिटर्न

डॉलर-हायफन या चलात शेलचे चालू पर्याय असतात. त्यांत लहान आय नसेल तर समोर माणूस नाही, फक्त प्रोग्राम आहे. मग पुढचं काहीच वाचायचं नाही. फिशमध्ये याच कामासाठी ‘स्टेटस इज-इंटरॅक्टिव्ह’ आहे.

एक सावधगिरी. आरसिंक किंवा दुसरा एखादा प्रोग्राम तुम्ही स्वतःच्या होम फोल्डरमध्ये बसवला असेल आणि त्याचा पाथ .बॅशआरसीत दिला असेल तर ती ओळ पहाऱ्याच्या वर राहू द्या. नाहीतर स्वागताचा त्रास जाईल आणि ‘कमांड नॉट फाउंड’ येईल.

स्वागताला हक्काची जागा आहेच. सगळ्यांसाठीचा मजकूर /ईटीसी/एमओटीडी या फाइलमध्ये ठेवा. तो माणूस लॉगिन करतो तेव्हाच दिसतो. कायदेशीर सूचना वगैरे द्यायची असेल तर एसएसएचडीच्या (एसएसएचच्या सर्व्हर प्रोग्रामच्या) सेटिंगमधला ‘बॅनर’ वापरा. तो एसएसएचच्या स्वतःच्या मार्गाने ओळख पटण्याआधीच जातो आणि फाइलच्या वाटेत येत नाही. डिस्क भरल्याची सूचना खरोखर दिसायलाच हवी असेल तर तिच्या शेवटी ‘>&२’ जोडा. मग ती एररच्या वाहिनीवरून जाते, फाइलच्या नाही. फाइलही जाते आणि सूचनाही दिसते.

सर्व्हर तुमच्या ताब्यात असेल तर आणखी एक उपाय आहे. एसएसएचडी_कॉन्फिगमध्ये ‘सबसिस्टम एसएफटीपी’ या ओळीत बाहेरच्या प्रोग्रामच्या पाथऐवजी ‘इंटर्नल-एसएफटीपी’ लिहायचं. मग एसएसएचचा सर्व्हर एसएफटीपीचं काम स्वतःच करतो, शेल उघडतच नाही. कोणी काहीही छापो, फाइली जातात. मात्र आरसिंकला आणि जुन्या एससीपीला याचा उपयोग नाही, ती दोन्ही शेलमधूनच जातात. बदल केल्यावर ‘एसएसएचडी -टी’ने सेटिंग तपासा आणि मगच सर्व्हिस पुन्हा चालू करा.

दुरुस्तीला वेळच नसेल तर

पानं आत्ता छपाईला जायची आहेत आणि .बॅशआरसी बदलायला मालकाची परवानगी हवी आहे, अशी वेळ येते. तेव्हा हे चालतं:

एसएसएच वापरकर्ता@सर्व्हर 'कॅट > पान.पीडीएफ' < पान.पीडीएफ

फाइल इकडून तिकडे जाते, नमस्कार तिकडून इकडे येतो, दोघांची गाठ पडत नाही. पण हीच युक्ती उलट दिशेने, म्हणजे सर्व्हरवरून फाइल आणायला वापरू नका. तेव्हा नमस्कार आणि फाइल एकाच वाहिनीवरून येतात आणि तुमच्या पीडीएफच्या किंवा झिपच्या सुरुवातीला २२ बाइट चिकटतात. एरर येत नाही, फाइल मात्र बिघडलेली असते.

कोणत्याही मार्गाने पाठवली तरी दोन्हीकडे ‘एसएचए२५६सम पान.पीडीएफ’ चालवून आकडे जुळतात का बघा. याला काही सेकंद लागतात.

तसाच दिसणारा दुसरा आजार

एररमध्ये संख्या नसेल, नुसतं ‘कनेक्शन क्लोज्ड’ असेल, तर वरचं काहीही लागू नाही. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या ओपनएसएसएच ९.० पासून एससीपी ही कमांड आतून एसएफटीपी वापरते. आधीचा एससीपी प्रोटोकॉल जुनाट आणि असुरक्षित ठरल्यामुळे हा बदल झाला आणि तो योग्यच आहे. पण समोरच्या यंत्रावर एसएफटीपीचा प्रोग्रामच नसेल तर जी कमांड वर्षानुवर्षं चालत होती ती लॅपटॉप अपडेट केल्यावर एकाएकी बंद पडते. ओपनडब्ल्यूआरटी ही प्रणाली असलेल्या राउटरवर ड्रॉपबेअर हा छोटा एसएसएच सर्व्हर असतो, तिथे हे नेहमी घडतं. अशा वेळी एससीपीला मोठ्या ओचा पर्याय द्या, ‘-ओ’. त्याने ती जुन्या पद्धतीने चालते. शक्य असेल तर राउटरवर एसएफटीपी सर्व्हर बसवणं अधिक चांगलं.

दुसरी शक्यता: सेटिंगची फाइल एका लिनक्सवरून दुसऱ्यावर उचलून आणली आहे. डेबियनवर तो प्रोग्राम /यूएसआर/लिब/ओपनएसएसएच मध्ये असतो, फेडोरावर /यूएसआर/लिबएक्झेक/ओपनएसएसएच मध्ये. पाथ चुकला की प्रोग्राम सापडत नाही. इथेही ‘इंटर्नल-एसएफटीपी’ हा उपाय लागू पडतो.

नमस्काराच्या आजारावर मात्र ‘-ओ’ वापरू नका. फक्त एररचं रूप बदलेल.

हे करू नका

फाइल जात नाही म्हणून वैतागून लोक जे करतात त्याची मला खरी काळजी वाटते. होम फोल्डरला ७७७, म्हणजे कोणीही काहीही करावं अशी, परवानगी देतात. त्याने हा एरर जात नाहीच, उलट एसएसएच त्या फोल्डरमधल्या कीवर विश्वास ठेवणं बंद करतो आणि आता लॉगिनही अडतं. कोणी ‘स्ट्रिक्ट-होस्ट-की-चेकिंग’ बंद करतो. समोरचा सर्व्हर तोच आहे का ही तपासणीच त्याने काढून टाकली, आणि तिचा या एररशी काडीचा संबंध नव्हता. कोणी सरळ एफटीपी चालू करतो. एफटीपीत पासवर्ड उघडा जातो, वाटेत कोणीही वाचू शकतो. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर असेच पासवर्ड चोरले गेले आणि त्यावर उपाय म्हणून तातू इलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. एका इकोच्या ओळीपायी त्याच्या आधीच्या जगात परत जायचं कारण नाही.

पुन्हा येऊ नये म्हणून

एका वापरकर्त्याची फाइल सुधारली तरी नव्या खात्यात तोच त्रास येत असेल तर /ईटीसी/स्केल हे फोल्डर बघा. नवं खातं उघडताना .बॅशआरसी तिथून कॉपी होते. स्वागताची ओळ तिथे असेल तर प्रत्येक नवा माणूस ती घेऊनच येतो.

रात्रीच्या स्क्रिप्टमध्ये फाइली पाठवण्याच्या आधी /बिन/ट्रूची तपासणी घाला. उत्तर शून्य बाइटांचं नसेल तर स्क्रिप्टने तिथेच थांबावं आणि आलेले बाइट जसेच्या तसे मेलने पाठवावेत. शिवाय एससीपी किंवा आरसिंक संपल्यावर ‘$?’ (कमांड यशस्वी झाली का ते सांगणारा आकडा) तपासा आणि शून्य नसेल तर तेही मेलमध्ये येऊ द्या. आमच्याकडे हे बसवल्यानंतर कोणीतरी नव्या सर्व्हरवर रंगीत बॅनर लावला, तेव्हा सकाळच्या मेलमध्ये तो अख्खा बॅनर आला होता आणि कोणत्या फाइलमधली कोणती ओळ काढायची ते लगेच कळलं.